एका पिकावरचे बेट

मॉरिशसला मूळ रहिवासी असे कधी नव्हतेच. मादागास्करच्या पूर्वेस सुमारे ८०० किलोमीटरवर असलेल्या या बेटावर जो आला तो समुद्रावरून आला. ज्या उसावर या देशाने गुजराण केली, तो ऊसही डचांनी १६३९ मध्ये जावाहून आणलेला. डचांना हे बेट मानवले नाही. त्यांच्या अमदानीत डोडो पक्ष्याचा निर्वंश झाला आणि १७१० मध्ये तेही निघून गेले.

त्यांच्यामागून १७१५ मध्ये फ्रेंच आले आणि १८१० मध्ये इंग्रज. इंग्रजांनी सत्ता घेतली. मात्र फ्रेंच मळेवाल्यांच्या जमिनी, भाषा आणि कायदे यांना हात लावला नाही. राज्य एकाचे व जमीन दुसऱ्याची, अशी वाटणी तेव्हाच झाली. १८३५ मध्ये गुलामगिरी नष्ट झाली, तेव्हा भरपाई मिळाली ती मालकांना, गुलामांना नव्हे. मळ्यांवर राबायला माणसे मात्र हवीच होती. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत हिंदुस्थानातून सुमारे साडेचार लाख करारबद्ध मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले. कलकत्ता व मद्रास यांप्रमाणे मुंबईहूनही जहाजे सुटत. त्यांतून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही तेथे नांदत आहेत, आणि गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुटी असते.

१२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा निर्यातीच्या उत्पन्नात नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा एकट्या साखरेचा होता. १९६० च्या चक्रीवादळाने उसाची केवढी दैना केली, हे लोक विसरले नव्हते. अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी १९६१ च्या अहवालात वाढती लोकसंख्या आणि अपुरे काम यांकडे बोट दाखवून देशाच्या भवितव्याविषयी निराशाच व्यक्त केली होती. पुढे नोबेल पारितोषिक मिळालेल्या या विद्वानाचे भाकीत खोटे ठरले. त्याचे निदान मात्र चुकले नव्हते.

शिवसागर रामगुलाम यांच्या सरकारने मळे ताब्यात घेतले नाहीत. साखरेच्या निर्यातीवर कर बसवून मालकांच्या नफ्यातून वाटा घेतला. न्यायाच्या दृष्टीने ही तडजोड अपुरीच होती. जमीन होती तिथेच राहिली. परंतु भांडवलही देशातच राहिले. १९७५ च्या करारान्वये युरोपने दरसाल सुमारे ५ लाख टन साखर ठरीव भावाने घेण्याचे मान्य केले. त्या सुमारास जागतिक बाजार तेजीत होता आणि खुल्या विक्रीचा मोह मोठा होता. मॉरिशसने तो आवरला व सर्वांत मोठा वाटा पदरात पाडून घेतला. तेजी ओसरल्यावर या हिशेबाचे शहाणपण दिसून आले.

निर्यातीसाठी माल बनवणाऱ्या कारखान्यांना करसवलती देणारा कायदा १९७० मध्येच झाला होता. कापडाच्या निर्यातीवर कोट्याची मर्यादा आलेल्या हाँगकाँगच्या कारखानदारांना येथून युरोपची बाजारपेठ मोकळी मिळाली. साखरेचा नफाही या धंद्यात उतरला. १९८० च्या आगेमागे असलेली भीषण बेकारी दशक संपेपर्यंत जवळजवळ नाहीशी झाली. हे कपडे शिवले ते मुख्यतः स्त्रियांनी, आणि तेही पुरुषांहून कमी मजुरीवर. ‘चमत्कार’ म्हणून या प्रगतीचे गोडवे गाणारे हे सहसा सांगत नाहीत.

भारताशी १९८२ मध्ये झालेल्या करविषयक करारामुळे पुढे परदेशी भांडवल मॉरिशसमार्गे मुंबईच्या शेअरबाजारात येऊ लागले, कारण शेअरविक्रीच्या नफ्यावर कर द्यावा लागत नसे. २०१६ च्या दुरुस्तीने १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरांपुरती ही सवलत संपली. त्याआधी, २००४ अखेर, कापडाचे कोटे गेले होते. युरोपने २००६ पासून साखरेचा भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरवला आणि २००९ मध्ये जुना करारही मोडीत निघाला.

आता तीनच साखर कारखाने उरले आहेत. ते विशिष्ट प्रतीची साखर काढतात आणि चिपाडे जाळून वीज निर्माण करतात. गळीत हंगाम आटोपला की त्याच बॉयलरांत बाहेरून आणलेला कोळसा पडतो.