कर्जमाफीचा पैसा गेला कुठं? आधी प्रश्न तपासू

झरीला पहिल्या फेरीत गेलो तेव्हा माझ्या प्रश्नावलीत नववा प्रश्न असा होता : "कर्जमाफीची रक्कम आपण कशासाठी वापरली?" खाली पर्याय दिलेले : बी-बियाणं, शिक्षण, दवाखाना, घर, लग्न, इतर. परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या हॉटेलात चहा पीत बसलेल्या एका शेतकऱ्याला मी तो वाचून दाखवला. ते म्हणाले, "पैसा आलाच कुठं सर? सरकारनं बँकेला दिला. आमचं खातं निल झालं, एवढंच." प्रश्न तिथंच खोडला. घरी आल्यावर कळलं की अर्धा संशोधन-प्रस्तावच खोडावा लागणार आहे.

कर्जमाफी, मग ती शेतकऱ्याची असो की देशाची, हा कुणाच्याच हातात न पडणारा पैसा असतो. हातात पडते ती सवलत : जे भरायचं होतं ते भरावं लागत नाही, आणि नवं कर्ज मिळायची वाट (बहुतेक वेळा) मोकळी होते. त्यामुळे "पैसा विकासाला लागला का?" हे बघायचं तर एका नोटेच्या मागं धावून काही उपयोग नाही.

देशांच्या पातळीवर हीच अडचण नायजेरियाला आली. 2005 मध्ये पॅरिस क्लबच्या देशांनी त्यांचं सुमारे 1,800 कोटी डॉलरचं कर्ज माफ केलं. रोख काही आली नाही, दरवर्षीचे हप्ते वाचले. वाचलेली रक्कम सहस्रक विकास उद्दिष्टांवर खर्च होतेय हे दाखवायचं कसं? त्यांनी वेगळं खातं न उघडता अर्थसंकल्पातल्या शाळा, पाणी, आरोग्य अशा कामांना वेगळी खूणच लावली आणि ती कामं प्रत्यक्ष बघायला सरकारबाहेरच्या लोकांनाही पाठवलं. कल्पना चांगली आहे. पण खूण लावलेली शाळा कर्जमाफी नसतीच तर झाली नसती का? याचं उत्तर खूण देत नाही. पैसा पाण्यासारखा, या हौदातला त्या हौदात जातो.

आपल्याकडे तर घरखर्चाला खूण लावणारंही कुणी नाही. मग काय तपासलं जातं? बहुतेक वेळा फक्त वाटप. 2008 च्या केंद्र सरकारच्या कर्जमाफीवर भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा (कॅग) अहवाल 2013 मध्ये आला. त्यांनी 90,576 खाती तपासली. लाभ न मिळालेली 9,334 खाती पाहिली, त्यातली 1,257 पात्र असूनही सुटलेली निघाली. लाभ मिळालेल्या तपासलेल्या खात्यांत साडेआठ टक्के अपात्र होती. मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती तिसरी गोष्ट : कर्जमाफीची 61,793 खाती बघितली, त्यात 21,182 ठिकाणी शेतकऱ्याला प्रमाणपत्र दिल्याचा पुरावाच नव्हता. हा कागद हातात नसेल तर नवं कर्ज मागायला जाणार कसं? म्हणजे सवलतीचा दुसरा अर्धा भाग पोचला की नाही, हेच सांगता येत नाही. तरीही हे झालं लेखापरीक्षण. परिणाम मोजणं वेगळं काम, त्याला तुलना लागते.

तुलना कुणाशी? लाभ मिळालेले आणि न मिळालेले मुळातच वेगळे लोक असतात. इथं 2008 च्या नियमातली एक रेघ संशोधकांच्या कामी आली. 2 हेक्टरपर्यंत, म्हणजे पाच एकराला दोन-अडीच गुंठे कमी, जमीन असेल तर पात्र थकबाकी पूर्ण माफ. त्याहून जास्त असेल तर आधी 75 टक्के भरा, मग 25 टक्के सूट. मराठवाड्यात कोरडवाहू सव्वापाच एकरवाला काही बागायतदार नसतो, म्हणून तेव्हा या रेघेवर खूप ओरड झाली. पण संशोधकाच्या दृष्टीनं पावणेपाच आणि सव्वापाच एकरवाले जवळपास सारखेच, फरक फक्त माफीचा. शिवाय जमीन धरली ती कर्जमंजुरीच्या वेळची, त्यामुळे घोषणेनंतर खातेफोड करून कुणाला रेघेच्या आत येता येत नव्हतं. मार्टिन कान्झ यांनी याच रेघेवर गुजरातमधल्या शेतकरी कुटुंबांचा अभ्यास केला (2016). कर्ज कमी झालं, पण शेतीतली गुंतवणूक वाढली नाही, उलट घटली, आणि खासगी उसनवारीवरचा भर वाढला. कारण काय, तर बँक पुढं दारात उभं करणार नाही ही धास्ती.

महाराष्ट्रात अशी दुसरी रेघ 2019 च्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत आहे. 30 सप्टेंबर 2019 ला व्याजासह थकबाकी 2 लाखांपर्यंत असेल तर माफ, वर गेली तर ते खातंच बाद. 1 लाख 99 हजारवाला मोकळा, 2 लाख 1 हजारवाला होता तिथंच. शासन निर्णय आला 27 डिसेंबरला, तारीख मागची, म्हणजे रेघेच्या आत सरकायला कुणाला वेळच नव्हता. यावर अभ्यास करावा असा मोह मला झालाय.

पण थांबा, इथं गावचा एक व्यवहार आडवा येतो : नवं-जुनं. मार्चअखेर आडत्याकडून किंवा पाहुण्याकडून चार दिवसांसाठी पैसे उचलायचे, सोसायटीत भरायचे, नवं पीककर्ज मंजूर झालं की त्यातून ते फेडायचे. बँकेच्या दप्तरी हा माणूस "नियमित". प्रत्यक्षात तो शेजारच्या थकबाकीदाराइतकाच अडचणीत असतो, वर चार दिवसांचं व्याज. 2019 च्या माफीत तो नाही. पुढं 29 जुलै 2022 च्या शासन निर्णयानं नियमित फेड करणाऱ्यांना 50 हजारांपर्यंत प्रोत्साहन मिळालं, तो यात येऊ शकतो. बँकेची माहिती घेऊन थेट "थकबाकीदार विरुद्ध नियमित" अशी तुलना केलीत तर ही दोन्ही माणसं तुमच्या तक्त्यात उलट्या रकान्यात बसतील. हे संगणकावर बसून कळत नाही, गटसचिवाजवळ बसावं लागतं.

आता माझ्या यादीत नवव्या जागी तीन प्रश्न आहेत. खातं निल झाल्याचा कागद मिळाला का, आणि कधी? त्यानंतरच्या पहिल्या खरिपात बियाणं-खताचा पैसा कुठून आणला? आणि माफीच्या आधीच्या तीन वर्षांत नवं-जुनं केलं होतं का, केलं तर पैसे कुणाचे होते? तिसऱ्या प्रश्नाला लोक आधी हसतात, मग आजूबाजूला कोण बसलंय ते बघतात. म्हणून तो आता हॉटेलात विचारत नाही, शेतात गेल्यावर विचारतो.