फ्लेक्सला चालतं, फ्रेमला नाही

पुणे-नाशिक महामार्गावर भोसरी ते चाकण वाढदिवसाचे फ्लेक्स लांबून झकास दिसतात. जवळ गेलं की ठिपकेच ठिपके! यात छपाईवाल्याची चूक नाही. एवढ्या अंतरावरून पाहायला इंचाला 72 ते 100 पिक्सेल पुरतात.

घरात लावायच्या डिजिटल चित्राला मात्र इंचाला 300 हवेत. ए-3 कागद 11.7 बाय 16.5 इंचांचा, म्हणजे सुमारे 3,508 बाय 4,961 पिक्सेल. व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखं पाठवलेलं चित्र 1,600 पिक्सेलच्या आसपास आकसतं. तेवढ्यात जेमतेम सव्वापाच इंच नीट छापता येतात. सॉफ्टवेअरमध्ये 72चा आकडा 300 केला, तरी नवा तपशील उगवत नाही.

म्हणून कॅनव्हास सुरुवातीलाच मोठा घ्या आणि छापायला मूळ टिफ फाइल पेनड्राइव्हवरच द्या.