गळती कोठाराआधीची

धान्याची नासाडी म्हटली की पावसात भिजून काळी पडलेली, कोंब फुटलेली गव्हाची पोती डोळ्यांपुढे येतात. 2010 साली सरकारी गहू उघड्यावर सडत असल्याच्या बातम्या गाजल्या, तो सडवण्यापेक्षा गरिबांना फुकट वाटा असे सर्वोच्च न्यायालयाने सुनावले, आणि तेव्हापासून दोषाचे बोट आपसूक गोदामाकडे वळते. मोजदाद मात्र वेगळेच सांगते. काढणीनंतरच्या नुकसानीचा अभ्यास करणाऱ्या लुधियानाच्या ‘सिफेट’ या केंद्रीय संस्थेने 2015 साली देशभराच्या पाहणीचा अहवाल दिला. त्यानुसार गव्हाचे एकूण नुकसान 4.93 टक्के होते. त्यातले साठवणुकीतले, म्हणजे शेतकऱ्याच्या घरापासून गिरणीपर्यंतच्या सगळ्या साठ्यांतले, फक्त 0.86 टक्के. उरलेले 4.07 टक्के कापणी, मळणी, सफाई, वाळवण, पोती भरणे आणि बाजारापर्यंतची वाहतूक यांत गेले. गोदामांबद्दल आपण जितके बोलतो, त्याच्या निम्मे तरी शेताबद्दल बोलायला हवे, ते यासाठी.

शेतातली ही गळती घाईतून होते. एका पट्ट्यातला गहू एकाच वेळी पिकतो, यंत्रे आणि मजूर मोजके असतात, आणि वर अवकाळीचे सावट असते. कापणी लांबली की ओंब्यांतून दाणे झडतात. पाऊस गाठतो तेव्हा दाण्याची चमक जाते. 2023 च्या हंगामात अवकाळी पावसाने गहू इतका बिघडला की पंजाब-हरियाणातल्या सरकारी खरेदीसाठी आकसलेल्या व तुटक्या दाण्यांची मर्यादा 6 वरून 18 टक्क्यांपर्यंत सैल करावी लागली. त्यात कापणी-मळणी एकदम करणाऱ्या हार्वेस्टरचे भाडे बहुधा एकरावर ठरते. जितके एकर जास्त, तितकी कमाई जास्त, म्हणून यंत्र वेगाने हाकले जाते आणि काही दाणे काडाबरोबर मागून बाहेर पडतात. मळणीचा ड्रम फार जोरात फिरला तर दाणे फुटतात, आणि साठवणीतल्या कित्येक किडींना फुटका दाणा आयताच सापडतो. पुढे पोते दर वेळी उचलताना हमालाचा आकडा तागात भोके पाडतो. प्रत्येक टप्प्यावर मूठभरच सांडते, म्हणून ते कोणाच्याच हिशेबात धरले जात नाही.

पाच टक्के म्हणजे कितीसे, असे कोणी विचारील. त्याच अहवालात पेरूचे नुकसान जवळपास 16 टक्के होते, मग गव्हाची एवढी चिंता कशाला? पण टक्का कशाचा, हे पाहावे लागते. देशात वर्षाला 11 कोटी टनांहून अधिक गहू पिकतो. त्याचे 4.93 टक्के म्हणजे सुमारे 54 लाख टन. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला 5 किलो धान्य मिळते. त्या मापाने हे नऊ कोटी लोकांचे वर्षभराचे रेशन झाले. शिवाय दाण्याबरोबर त्याला घातलेले पाणी, खत आणि डिझेलही गेलेले असते.

दुसरा आक्षेप अधिक जुना आणि अधिक माणुसकीचा आहे. रानात सांडलेले वाया जात नाही, सरवा वेचणाऱ्याचे पोट त्यावर भरते, चार दाणे पाखरांच्याही वाट्याला जातात. हे खरे आहे, आणि सरवा वेचण्याचा हक्क टिकावा असेच कोणालाही वाटेल. मात्र ओंबी वेचता येते. यंत्रामागे भुशात विखुरलेला सुटा दाणा वेचणे कठीण. जिथे शेत पेटवून मोकळे करतात तिथे तर तो जळूनच जातो.

तरीही सगळा पैसा आणि सगळी चर्चा कोठारांभोवतीच फिरते. सहकारी क्षेत्रात 700 लाख टन क्षमता उभारण्याची योजना केंद्राने 2023 मध्ये मंजूर केली. कोठारे नकोत असे मुळीच नाही. गावाजवळ कोठार असेल तर पोत्यांची चढ-उतार कमी होते आणि हंगामातच पडेल भावाने विकण्याची सक्ती टळते. पण दमट किंवा तुटका गहू उत्तम कोठारातही किडतो, म्हणून चाळणी, वाळवणीची सोय आणि आर्द्रतामापक हे कोठाराइतकेच महत्त्वाचे. वजनकाट्यावरही विसंबता येत नाही. उन्हाळ्यात कोरडा भरलेला गहू पावसाळ्यात हवेतला ओलावा शोषून जड होतो, आणि किडीने खाल्लेली घट त्या वाढीखाली झाकली जाते.

म्हणून पहिली मोजणी रानातच व्हावी. यंत्र पुढे गेले की मागच्या एका चौरस फुटातले दाणे मोजावेत. हजार दाण्यांचे वजन साधारण 40 ग्रॅम धरले, तर चौरस फुटाला वीस दाणे म्हणजे एकरी सुमारे 35 किलो गहू. 2025-26 च्या 2425 रुपये हमीभावाने ते साडेआठशे रुपयांच्या घरात जातात. यंत्र थोडे सावकाश चालवायला सांगण्यासाठी, आणि त्याचे भाडे चार पैसे जास्त द्यावे लागले तर तेही देण्यासाठी, एवढा हिशेब पुरेसा आहे.