तळेगावचा प्लांट सुरू झाला, पण नोकऱ्या कुणाच्या?

तर मंडळी, पुण्याजवळ तळेगावला जनरल मोटर्सचा कार प्लांट होता ना, तो डिसेंबर 2020 मध्ये बंद पडला. ग्रेट वॉल या चिनी कंपनीशी ठरलेला सौदा 2022 मध्ये फिसकटला. पुढे ह्युंदाईने तो घेतला आणि 2025 मध्ये तिथून परत गाड्या निघायला लागल्या. भारी ना?

पण सौद्यात काय काय होतं ते बघा: जमीन, इमारती, काही मशिनरी. माणसं नाहीत! म्हणजे सर्व्हर घेतला, टीम सोडली. कामावरून काढलेले हजारावर कामगार मात्र भांडत राहिले. मला विचाराल तर भरतीत पहिला नंबर त्यांचाच लागायला हवा. असेंब्ली लाइन त्यांच्या हाताखालून गेलीय.