'भूमिपुत्र' आणि 'परप्रांतीय' : दोन शब्दांची अर्थकक्षा

वाशीम तालुक्यातील अनसिंग या गावाहून एखादा तरुण १९५५ साली नोकरीच्या शोधात मुंबईस गेला असता, तर शब्दार्थाने तो तेथे परप्रांतीय ठरला असता. त्या वेळी वाशीम तालुका अकोला जिल्ह्यात आणि अकोला जिल्हा मध्य प्रदेश राज्यात असून त्या राज्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यास जोडले गेले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. त्याबरोबर हाच तरुण भूमिपुत्रांच्या गणनेत आला. त्याची भाषा, त्याचे गाव व त्याची नोकरी यांत काडीचाही फरक पडला नव्हता. राज्याची सीमा तेवढी सरकली होती. गेल्या सहा दशकांतील मराठी राजकारणात ज्या दोन शब्दांनी मोठे कार्य केले, त्यांचा अर्थ तपासताना हे उदाहरण ध्यानी ठेवणे इष्ट होय.

समाजाचे 'खरे लोक' आणि 'त्यांचा घास हिरावणारे' असे दोन भाग कल्पून पहिल्यांच्या वतीने बोलण्याचा दावा करणारे जे राजकारण, त्यास लोकानुनयी राजकारण म्हणता येईल. उजव्या वळणाच्या लोकानुनयी पक्षांत घास हिरावणाऱ्याच्या जागी बहुधा बाहेरून आलेला मनुष्य उभा केला जातो. फ्रान्समध्ये १९७२ साली निघालेला नॅशनल फ्रंट किंवा जर्मनीत २०१३ साली निघालेला 'आल्टरनाटिव्ह फ्युर डॉइचलांट' ही याची परिचित उदाहरणे होत. तथापि युरोपातील वादाचा विषय मुख्यतः परदेशातून आलेला मनुष्य हा असतो. मुंबईत आलेला मद्रासचा वा बिहारचा मनुष्य हा मात्र भारताचाच नागरिक असून संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने त्यास देशात कोठेही राहण्याचा हक्क दिला आहे. जेथे कायदा परका ठरवीत नाही, तेथे ते काम शब्दास करावे लागते.

हे काम कसे घडले, ते शिवसेनेच्या इतिहासावरून स्पष्ट होते. १९६० साली बाळ ठाकरे यांनी 'मार्मिक' हे व्यंगचित्र साप्ताहिक सुरू केले. मुंबईतील कचेऱ्यांमधील अमराठी, विशेषतः दाक्षिणात्य, अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या त्यात प्रसिद्ध होऊ लागल्या आणि १९ जून १९६६ रोजी शिवसेनेची स्थापना झाली. १९६१ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईत मराठीभाषकांचे प्रमाण सुमारे ४३ टक्के होते, ही गोष्ट या असंतोषाच्या मुळाशी होती. परंतु केवळ संख्येने सर्व उलगडा होत नाही. दाक्षिणात्यांहून गुजरातीभाषक संख्येने पुष्कळ अधिक होते, तरी पहिला रोख दाक्षिणात्यांवर राहिला. गुजराती मनुष्य बहुधा व्यापारात होता. दाक्षिणात्य मनुष्य मात्र कारकुनी व टंकलेखनाच्या नोकऱ्यांत, म्हणजे सुशिक्षित मराठी तरुणाची जेथे अपेक्षा होती नेमका तेथे होता. परकेपणाची जाणीव अंतराच्या मापाने वाढत नसून स्पर्धेच्या मापाने वाढते, असे यावरून दिसते.

पुढे या शब्दाचा रोख पालटत गेला. १९८० नंतरच्या दशकात शिवसेनेने हिंदुत्वाचा पुरस्कार केला, तेव्हा भाषेची सीमा मागे पडून धर्माची सीमा पुढे आली. २००६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने भाषेची सीमा पुन्हा आखली; मात्र आता दाक्षिणात्याच्या जागी उत्तर भारतीय आला. ऑक्टोबर २००८ मध्ये रेल्वेच्या परीक्षेसाठी मुंबईस आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना झालेली मारहाण हा त्याचा कटू परिणाम होता.

आता पुन्हा वाशीमकडे वळू. हा मुलूख माणसे बाहेर पाठविणारा आहे. कामासाठी येथील लोक पुण्यामुंबईकडे जातात. कारकुनीच्या जागा बळकावणारा परप्रांतीय येथे कधी नव्हता. असे असूनही १९९९ पासून २०१९ पर्यंतच्या पाचही लोकसभा निवडणुकांत, प्रथम वाशीम आणि नंतर यवतमाळ-वाशीम मतदारसंघातून, शिवसेनेच्या भावना गवळी निवडून आल्या. स्थलांतरितांचा प्रश्न घेऊन जन्मलेला पक्ष स्थलांतरित नसलेल्या प्रदेशात रुजू शकला, तो अर्थातच अन्य आवाहनांच्या बळावर. याच जिल्ह्यात बंजारा समाजाचे पोहरादेवी हे श्रद्धास्थान आहे. राजस्थानी भाषांशी नाते सांगणारी गोरबोली घरी बोलणारा, एके काळी बैलांच्या तांड्यांवर धान्याची ने-आण करणारा हा समाज महाराष्ट्राचाच मानला जातो, आणि ते यथार्थच आहे. शिवसेना स्थापन झाली तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री असलेले वसंतराव नाईक हे पुसदजवळच्या गहुलीचे, याच समाजातील होते.

यावरून भूमिपुत्रत्वाची कसोटी जन्म, मातृभाषा किंवा पूर्वजांचा मुलूख यांपैकी कोणत्याही एका गोष्टीवर स्थिर राहत नाही, हे उघड आहे. उद्योगांतील नोकऱ्यांच्या संदर्भात शासनाने 'स्थानिक' या शब्दासाठी १५ वर्षांच्या वास्तव्याची कसोटी धरली आहे. ती रूक्ष असली तरी मोजता येते. 'भूमिपुत्र' हा शब्द मोजता येत नाही, आणि त्याचे राजकीय सामर्थ्य यातच आहे. नोकरी न मिळालेल्या तरुणाचे दुःख खरे असते, परंतु त्या दुःखाचे कारण सांगण्याचे सामर्थ्य या शब्दात नाही.

राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या आपल्या अहवालात विदर्भाचे वेगळे राज्य करावे अशी शिफारस केली होती. ती मान्य झाली असती, तर अनसिंगचा तो तरुण अस्सल मराठी बोलत असताही मुंबईत आजन्म परप्रांतीयच राहिला असता. वेगळ्या विदर्भाची मागणी आजही अधूनमधून होत असते. दुसऱ्यास परप्रांतीय म्हणण्यापूर्वी आपले भूमिपुत्रत्व कोणत्या तारखेपासून सुरू झाले, याचा विचार अनसिंगकराने तरी अवश्य करावा.