पडद्याआधीची वाट

सभासदांसाठी एक मोबाइल ॲप करावे असे आमच्या संघटनेने ठरविले, तेव्हा एक उत्साही तरुण पंधरा रंगीत पडदे रेखाटून घेऊन आला. बटणे सुरेख होती, अक्षरेही ठळक. आम्ही एवढेच विचारले, "म्हातारी बाई अंगठा ठेवील आणि तो उमटणार नाही, मग पुढे काय?" त्यासाठी पडदाच नव्हता. पोराचा हात चांगला होता. वाट मात्र त्याने आखलीच नव्हती.

भंडारा जिल्ह्यात हा प्रश्न काल्पनिक नव्हे. तेंदूचे पान भिजवावे, कापावे, तंबाखू भरून वळावे, दोऱ्याने बांधावे, यात येथील कितीतरी स्त्रियांचे आयुष्य गेले. भविष्य निर्वाह निधीचा कायदा विडीधंद्याला 1977 साली लागू झाला. निवृत्तिवेतन थोडके, 2014 साली त्याची किमान रक्कम महिना 1000 रुपये ठरली. तरी म्हातारपणी तेवढाच आधार, आणि तो चालू राहावा म्हणून दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्याची संगणकीय सोय, 'जीवन प्रमाण', 10 नोव्हेंबर 2014 रोजी सुरू झाली. ओळख पटावयाची ती बोटाच्या ठशावरून किंवा बुबुळावरून. परंतु वयाने आणि कष्टाने बोटांवरील रेषा पुसट होतात. चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय केंद्राच्या निवृत्तांना नोव्हेंबर 2021 मध्ये मिळाली, आणि निर्वाह निधीच्या निवृत्तांना 2022 साली. म्हणजे ही तिसरी वाट फुटावयास सात वर्षे गेली.

वाट आखावयास खडू आणि फळा पुरतो. आम्ही तसेच बसलो. प्रथम लिहिले, येणारी कोण, तिच्याबरोबर कोण, हातात काय, आणि तिला काय घेऊन परत जावयाचे आहे. मग एकेक पाऊल. जेथे प्रश्न येईल तेथे दोन फाटे: ठसा जुळला, ठसा जुळला नाही. सांकेतिक आकडा ज्या मोबाइलवर येतो तो मुलाच्या खिशात, आणि मुलगा कामाला नागपुरास! हाही एक फाटाच. मध्येच नेटवर्क गेले तर भरलेली माहिती राहते की पुन्हा पहिल्यापासून? जो फाटा कोठेच पोचत नाही त्याला आम्ही गोल केला. असे नऊ गोल निघाले. शेवटही चुकलेला होता. तरुणाच्या मते 'अर्ज पाठविला' येथे काम संपत होते. बाईच्या दृष्टीने ते खात्यात पैसे आल्यावर संपते.

कामाची पावले अशी कागदावर मांडण्याची पद्धत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या अमेरिकन दांपत्याने 1921 साली अभियंत्यांच्या सभेपुढे ठेवली. ती कारखान्यांसाठी होती. हालचाली मोजणाऱ्या त्या शास्त्राकडे आम्ही कामगारमंडळी संशयानेच पाहात आलो, आणि तो संशय अजून गेलेला नाही. पण हत्यार चांगले असेल तर मालकाच्या हातचे म्हणून टाकून कशाला द्यावे?

क्रमाचाही विचार झाला. निवृत्तिवेतनाच्या आदेशाचा क्रमांक आठव्या पायरीवर विचारला, तर बाईचा दिवस आणि एस.टी.चे भाडे दोन्ही बुडते. म्हणून पहिल्या पडद्यावर आता 'घरून काय आणावे' एवढेच आहे. एकूण पडदे सहा उरले. त्यांतले तीन काम अडल्यावर उघडतात. शेवटच्यावर तिच्या गावच्या संघटना-कार्यकर्त्याचे नाव आणि फोन येतो.