बोकडाची लघवी अडली तर : निर्णय कसा घ्यायचा?



शेळीबद्दल आपण या कार्यक्रमात पुष्कळदा बोलतो. आज बोकडाबद्दल बोलू. विषय लघवीचा आहे, त्यामुळे कुणाला संकोच वाटेल. पण याच संकोचापायी आणि न कळल्यामुळे आमच्या गटातल्या एका वहिनींचे वर्षभराचे कष्ट वाया गेले, म्हणून आज स्पष्टच बोलायचं ठरवलं आहे.

वहिनींनी गटातून कर्ज काढून दोन बोकडं घेतली होती. बकरी ईदच्या बाजारात विकायची, कर्ज फेडायचं आणि उरलेल्या पैशातून मुलीची कॉलेजची फी भरायची, असा हिशेब होता. ईद दोन महिन्यांवर आली तसा त्यांनी खुराक वाढवला. मक्याचा भरडा, गव्हाचा कोंडा, दोन्ही वेळा. बोकडं दिवसभर दावणीला.

एका सकाळी मोठा बोकड कण्हायला लागला. मागचे पाय ताणून उभा राही, शेपूट हलवी, पुन्हा पुन्हा जोर करी. वहिनींना वाटलं, पोट साफ होत नाही. त्यांनी गोडं तेल पाजलं. शेजारच्या आजींनी ओव्याचं पाणी सांगितलं. आम्ही संध्याकाळी बघायला गेलो होतो. आम्हीसुद्धा म्हणालो, होईल सकाळपर्यंत. दुसऱ्या रात्री बोकड शांत झाला. कण्हणं थांबलं. उतार पडला म्हणून वहिनी निवांत झोपल्या. तिसऱ्या दिवशी त्याचं पोट खाली लोंबायला लागलं, चारा सुटला. चौथ्या दिवशी डॉक्टर आले. त्यांनी पोटात सुई घालून पाहिलं तर लघवीच आली. ते म्हणाले, "लघवीची पिशवी फुटली आहे. हा शांत झाला ना, तेव्हाच ती फुटली." संध्याकाळी बोकड गेला.

ज्याला आपण उतार समजलो, तीच खरी वाईट वेळ होती. हे आमच्या मनाला फार लागलं. मग आम्ही डॉक्टरांना गटाच्या बैठकीत बोलावलं, पशुसखी ताईंनाही बसवलं आणि सगळं नीट विचारून घेतलं. तेच आज तुम्हाला सांगतो.

खडा बोकडालाच का अडतो?

मुतखडा शेळीलाही होतो. पण शेळीची लघवीची वाट आखूड आणि रुंद असते, त्यामुळे बारीक खडे बहुधा बाहेर पडून जातात. बोकडाची वाट लांब आणि अरुंद. मध्ये तिला इंग्रजी 'एस'सारखं वळण असतं आणि अगदी टोकाला दोऱ्यासारखी बारीक शेपटी असते. खडा बहुतेक वेळा या दोन जागी अडकतो. वाळूच्या कणाएवढा खडासुद्धा पुरतो.

लहानपणीच खच्ची केलेल्या बोकडाला धोका जास्त. नराच्या अंगातलं जे द्रव्य ती वाट वाढवतं, ते खच्चीकरणानंतर थांबतं, म्हणून वाट अरुंदच राहते. वहिनींच्या बोकडाला महिन्याचा असतानाच चिमटा मारला होता.

दुसरं कारण खुराक. मका, गहू, कोंडा यांत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असतं. जास्तीचा फॉस्फरस लघवीवाटे जातो आणि तिथे खडे बनतात. त्यात पाणी कमी प्यायलं की लघवी दाट होते. दाट आमटीत तळाला गाळ बसतो, तसंच हे.

ओळखायचं कसं?

बोकड जोर करताना दिसला की आधी लेंडी पडते का ते पाहा. लेंडी पडत असेल आणि तरी जोर करत असेल तर लघवीचा संशय घ्या. लघवीच्या जागेचे केस पाहा. एरवी ते ओलसर असतात. केस कोरडे असतील, त्यांना वाळूसारखे कण चिकटले असतील, थेंब थेंब किंवा रक्ताळ लघवी होत असेल, तर थांबू नका. खाणं सोडणं, दात खाणं, पोटाकडे वळून पाहणं हीही लक्षणं आहेत. वाट पूर्ण बंद झाली तर एक-दोन दिवसांत पिशवी किंवा वाट फुटू शकते. म्हणजे आपल्या हातात काही तास असतात.

अशा वेळी आपण जे करतो त्यातलं बरंच उलट पडतं. माणसाला मुतखड्यावर गोखरूचा काढा देतात, पळसाच्या फुलांचं पाणी देतात, भरपूर पाणी प्यायला सांगतात. पण वाट बंद असलेल्या बोकडाला हे जबरदस्तीने पाजणं म्हणजे तोटी तुंबलेली असताना टाकीत पाणी सोडत राहणं. टाकी फुटणारच. कुणी म्हणेल नवसागर द्या. मुतखड्याच्या औषधात अमोनियम क्लोराइड असतं आणि नवसागर म्हणजे तेच, हे खरं. पण कल्हईसाठी मिळतो तो बाजारी नवसागर अंदाजाने पाजायचा नाही. वाट मोकळी आहे का आणि वजन किती, हे पाहून डॉक्टरच त्याचं माप सांगतील.

आपलं काम एवढंच : खुराक बंद करायचा, पोट दाबायचं नाही आणि लगेच दवाखान्याला किंवा १९६२ या मोफत क्रमांकावर फोन करायचा. फोनवर "बोकड आजारी आहे" असं मोघम सांगू नका. "नर आहे, इतक्या तासांपासून लघवी अडली आहे" असं सांगा. म्हणजे डॉक्टरांनाही घाई कळते.

उपचार कोणते?

पहिला आणि सर्वांत सोपा : डॉक्टर बोकडाला गुंगीचं औषध देतात, ढुंगणावर बसवतात आणि इंद्रिय बाहेर काढून ती टोकाची शेपटी तपासतात. खडा तिथे अडकला असेल तर शेपटी कापतात. लघवी तिथेच सुटू शकते. पैदाशीला त्याने सहसा बाधा येत नाही. पण मागे आणखी खडे असतील तर पुन्हा अडते, हे धरून चालायचं. माणसाला घालतात तशी नळी थेट पिशवीपर्यंत घालावी, असं आपल्याला वाटतं. पण बोकडाच्या वाटेची रचना अशी आहे की ती बहुधा पोचत नाही.

दुसरा : पोट उघडून पिशवीतले खडे काढतात आणि पिशवीतून एक नळी पोटाबाहेर आणतात. काही दिवस लघवी त्या नळीने होते, तोवर मूळ वाटेला आराम मिळतो आणि औषधाने ती मोकळी व्हायला वेळ मिळतो. पैदाशीचा बोकड वाचवायचा असेल तर हा चांगला मार्ग. पण खर्च जास्त आणि दोन-तीन आठवड्यांची सेवा लागते.

तिसरा : शेपटीखाली नवी वाट करतात. मग बोकड शेळीसारखी मागून लघवी करतो. तो पैदाशीला चालत नाही, आणि ही वाट काही महिन्यांत पुन्हा आवळते, असं बऱ्याचदा होतं. त्यामुळे पुढे थोड्या काळात विकायच्या जनावरासाठी हा मार्ग धरतात.

चौथा : पिशवी शाबूत असताना, औषधं दिलेली नसताना, डॉक्टरांना दाखवून कटाईला देणं. औषध दिलं असेल तर किती दिवस मांस वापरायचं नाही, ते डॉक्टरांना विचारायचं. पिशवी फुटून लघवी पोटात पसरली असेल तर ते मांस विकायचं नाही. आजार लपवून व्यापाऱ्याच्या गळ्यात मारणं तर नाहीच. आज आपण फसवलं तर उद्या आपल्या गटाच्या बोकडाला कुणी हात लावणार नाही.

पाचवा : वाचण्यासारखं काही उरलं नसेल तर डॉक्टरांकडून त्रास न होता मरण देणं. हे ऐकायला जड जातं, पण तडफडत ठेवणं ही माया नव्हे.

मग ठरवायचं कसं?

पुढच्याच वर्षी ही वेळ गटातल्या एका मावशींवर आली. त्यांचा उस्मानाबादी बोकड पैदाशीचा. आसपासच्या शेळ्या फळवायला त्याच्याकडेच येतात, त्यावर मावशींचं घर चालतं. या वेळी सकाळी लक्षण दिसलं आणि दुपारी डॉक्टर आले. शेपटीचं टोक कापलं, लघवी सुटली. आम्ही सगळ्यांनी हुश्श केलं. दोन दिवसांनी पुन्हा अडली. जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, "नळीचं ऑपरेशन करता येईल. खात्री देत नाही."

दवाखान्याच्या ओट्यावर आम्ही चौघी बसलो आणि पाच प्रश्न एकेक करून विचारले. पिशवी शाबूत आहे का? हो. जनावर कशासाठी ठेवलंय? पैदाशीसाठी, म्हणजे शेपटीखालची वाट उपयोगाची नाही. सगळा खर्च किती? यात औषधं, टेम्पो, मावशींची बुडणारी मजुरी, सगळं धरलं. साडेसहा हजार. बोकडाची किंमत वीस हजारांच्या आसपास. नंतरची सेवा कोण करणार? मावशी आणि त्यांची सून. आणि पाचवा : पुन्हा अडली तर?

गटातून साडेचार हजार द्यायचे ठरत होते तेव्हा एकीने फोनवर विचारलं, "माणसाच्या दवाखान्याला पैसे देताना आपण दहा वेळा विचार करतो, मग बोकडाला कसे देता?" प्रश्न चुकीचा नव्हता. पैसा सगळ्यांचा आहे. आम्ही सांगितलं, हे कर्ज आहे, मावशी व्याजासकट फेडतील. आणि मावशींनी स्वतःहून मर्यादा घातली. त्या म्हणाल्या, "एवढं एकदा करते. पुन्हा अडली तर त्याला आणखी कापायचं नाही आणि गटाकडे मागायचं नाही. तेव्हा त्याला शांतपणे जाऊ द्यायचं." हे ऑपरेशनच्या आधी ठरलं, म्हणून कुणाच्या मनात किंतु राहिला नाही.

नळी चावू नये म्हणून बोकडाच्या गळ्यात पुठ्ठा बांधला. मावशी रात्री दोनदा उठून नळी वाहते का पाहत. बाराव्या दिवशी मूळ वाटेने धार लागली. नळी काढली. आज तो बोकड आहे, कर्जही फिटलं.

त्याच पावसाळ्यात दुसऱ्या एका ताईंच्या खच्ची बोकडाची लघवी अडली. प्रश्न तेच पाच, उत्तर मात्र वेगळं आलं. बोकड विक्रीचाच होता, ताई घरात एकट्या, सेवा करायला कुणी नाही. त्यांनी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून कटाईला दिला. ताई खूप रडल्या, करडू असल्यापासून हाताने पाजला होता. आम्ही त्यांना एवढंच म्हणालो की मावशींचा निर्णय बरोबर होता आणि तुमचाही बरोबर आहे. चुकतं ते एकच, काहीच न ठरवता वाट बघणं.

अडूच नये म्हणून

वहिनींचा बोकड गेला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "एकाने जे खाल्लं तेच दुसऱ्यानेही खाल्लंय." म्हणून त्यांच्या दुसऱ्या बोकडाचा खुराक त्याच दिवशी बदलला. तो वाचला, ईदला विकला गेला आणि कर्जाचा बराच भाग फिटला. फीचे पैसे मात्र पुन्हा गटातूनच उभे करावे लागले.

तेव्हा एवढं लक्षात ठेवा. भरडा आणि कोंडा एकदम वाढवू नका. पोट मुख्यतः चाऱ्याने आणि पाल्याने भरू द्या. खुराकात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट असावं. त्यासाठी क्षारमिश्रण कोणतं, किती, हे डॉक्टरांना विचारा. लसूणघास, सुबाभूळ यांत कॅल्शियम असतं, पण तेही नुसतंच आणि अती नको. मीठ चाटायला ठेवा, म्हणजे तहान लागते. पाणी दिवसातून दोनदा बदला, भांडं घासा. घाण पाण्याला शेळी-बोकड तोंड लावत नाहीत. थंडीत गार पाणी कमी पितात, तेव्हा कोमट द्या. दिवसभर दावणीला न बांधता थोडं फिरवा.

खच्ची करायचं असेल तर घाई नको. चार-पाच महिन्यांचा होऊ द्या, डॉक्टरांना विचारून करा. पण तोवर त्याला पाटींपासून वेगळा ठेवा, नाहीतर तीन-चार महिन्यांतच कोवळ्या पाटी गाभण राहतील. विमा काढला असेल तर कानातला बिल्ला जपा. जनावर दगावलं तर पुरण्याआधी विमा कंपनीला आणि डॉक्टरांना कळवा.

पुढच्या बैठकीत आपल्या गटात विचारा : बोकड कुणाकुणाकडे आहेत, खुराक काय चालू आहे, अडचणीला पैसे गटातून किती आणि कसे द्यायचे? हे आजच ठरवून वहीत लिहून ठेवा. आणि उद्या सकाळी गोठ्यात जाल तेव्हा बोकड धार सोडतो का, तेवढं उभं राहून बघा.